कोऱ्या मोजणीचं कार्ड

१

हुलिगेप्पा मेला तो मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात तो प्रेस चालवायचा. वय चौतीस, गाव कोप्पळकडचं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही दाबलेली असतील तोवरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. एक हात निघाला की ठोकळा जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी पत्र्याचा तुकडा तिरका बसला. हुलिगेप्पाने तो सरळ करायला उजवा हात बटणावरून काढला आणि वाकून आत घातला. ठोकळा थांबला नाही. रुग्णालयात पोचेपर्यंत त्याच्या अंगात फारसं रक्त उरलं नव्हतं.

प्रेसला थांबवण्याचं काम एका हाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे होतं. कार्ड हेमगिरी कंट्रोल्सचं. ही कंपनी त्याच वसाहतीत, चार गल्ल्या पलीकडे.

शुक्रवारी सकाळी हेमगिरीचे मालक शेषाद्री यांनी अंबुजाक्षी मॅडमना बोलावलं. एका सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या सहीला वसाहतीत अजून वजन होतं. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत जिऱ्याच्या कषायाचा, म्हणजे काढ्याचा, थर्मास, अशा त्या आल्या. बाहेर तीन दिवस ऊन पडलं नव्हतं. केबिनमध्ये दिवसाच दिवा लावलेला होता.

"फक्त सही हवी, मॅडम," शेषाद्री म्हणाले. "उद्या बारा वाजता कारखाना निरीक्षक येतायत. आमचं घर आम्ही तपासलंय. बाहेरचा एक डोळा हवा, एवढंच."

अहवाल प्रल्हाद कट्टी यांनी लिहिला होता. मुख्य अभियंता, धारवाडचे, कंपनीत वीस वर्षं. ते टेबलापाशी उभेच होते. अहवाल दीड पानाचा होता: अपघातग्रस्त कार्डाची मेमरी वाचली. सर्व्हरवरच्या ४.२ आवृत्तीच्या फाइलशी ती शेवटच्या बाइटपर्यंत तंतोतंत जुळते. कार्डाचे भाग सुस्थितीत. सबब दोष प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅमच्या थांबवण्याच्या भागात शेवटचा बदल स्फूर्ती गौडा यांनी १८ जानेवारी रोजी केला.

"ही स्फूर्ती कुठे आहे?"

"घरी बसवलंय," शेषाद्री म्हणाले. "पंचवीस वर्षांची पोर. निरीक्षकांच्या हातात नाव गेलं की ते पुढे पोलिसांकडे जाणार. मला काय बरं वाटतंय?"

"हुशार आहे हो," कट्टी म्हणाले. "म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

अहवालाला मेमरीची छापील प्रत जोडलेली होती, आकड्या-अक्षरांनी भरलेली. अंबुजाक्षींनी ती शेवटून उघडली. नव्या माणसांना त्या सांगत, पहिल्या पानांवर सगळ्यांची नजर असते, शेवटच्या पानापर्यंत येताना माणूस दमलेला असतो.

मेमरीचा शेवटचा भाग कोरा होता. एका आकड्याचीही खूण नव्हती.

"हे कार्ड प्रेसवर किती दिवस चाललं?"

"फेब्रुवारीपासून," कट्टी म्हणाले. "सहा महिने. का?"

"काही नाही. चारपर्यंत कागद माझ्याकडे राहू द्या."

सहा महिने चाललेल्या कार्डात ती जागा कोरी असूच शकत नव्हती. कोणीतरी ते कार्ड पुसलं होतं, आणि तेही माणूस मेल्यानंतर.

२

लिंगराजू तळमजल्यावर कार्डं तयार करायचा. दोन्ही बाजूंनी सुयांचा साचा, मधे कार्ड ठेवायचं, झाकण दाबायचं, की प्रोग्रॅम आत उतरतो. साच्यावर धूळ धरली होती.

"काम बंद?" अंबुजाक्षींनी विचारलं.

"बुधवारपासून लाईन रिकामी, मॅडम. मास्टर कार्डच नाही."

"मास्टर म्हणजे?"

"ज्याच्यावरून बाकीची उतरवतो ते." लिंगराजूने हात पुसले. "फाइल सर्व्हरवर असते, पण तिथे आम्हाला कोण विचारतो? पासवर्ड दर महिन्याला बदलतो. मास्टर कार्ड बदलत नाही. कट्टी सर एक कार्ड तपासून देतात, त्याची मी नक्कल काढतो. प्रत्येक नक्कल मास्टरशी ताडून बघतो हां. हिरवा दिवा लागल्याशिवाय एक कार्ड बाहेर जात नाही. बारा वर्षांत एक नक्कल चुकलेली नाही, विचारा कोणालाही."

"विचारते. ४.२ ची किती काढलीस?"

"चाळीस. फेब्रुवारीत. टेम्पो खाली उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, शेषाद्री सर वरून ओरडतायत. मी धावत सरांच्या टेबलापाशी गेलो, म्हटलं, सर, द्या आता. दिलं त्यांनी."

"आणि आता ते मास्टर कुठे आहे?"

"सरांनी बुधवारी परत घेतलं. म्हणाले, जुनं झालं, नवीन देतो. अजून दिलं नाही."

"अपघाताचं कार्ड कोणी आणलं?"

"मीच. बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास." त्याचा आवाज उतरला. "प्रेस अजून धुतली नव्हती, मॅडम. कार्ड काढलं आणि आणून सरांच्या हातात दिलं. मास्टर त्याआधीच सकाळी गेलं होतं."

अंबुजाक्षींनी थर्मासच्या झाकणात कषाय ओतून त्याच्यापुढे धरला. त्याने तो नको म्हणून हात हलवला, मग घेतला.

"साच्यातून निघाल्यावर कार्डात तू आणखी काय घालतोस?"

"त्याचा नंबर. एक ते चाळीस. मेमरीच्या अगदी शेवटी. त्याच्यापुढे कार्ड स्वतः मोजत जातं, किती स्ट्रोक, म्हणजे ठोके, मारले ते. त्यावरून तर सर्व्हिस ठरते."

"हुलिगेप्पाच्या कार्डाचा नंबर?"

"नऊ."

छापील प्रतीत नऊ नव्हता. एकही स्ट्रोक नव्हता.

"या चाळिसांतलं एखादं परत आलंय का रे?"

लिंगराजूने मागच्या फळीवरून एक कार्ड काढलं. एका कोपऱ्यात ते काळं पडलं होतं. "सतरा नंबर. रिले जळला म्हणून आलं. बाकीचं शाबूत आहे. घेऊन जाता?"

३

स्फूर्ती त्यांना बसस्टँडसमोरच्या उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलात भेटली. दोघींत एक कॉफी, बाय-टू. तिच्यापुढचा खारा भात, म्हणजे तिखट उपमा, निवत होता.

"घरी सांगितलंस?"

"नाही. अप्पा अरसीकेऱ्याला बस कंडक्टर आहेत. सगळ्या डेपोला सांगून ठेवलंय, पोरगी मशिनी थांबवते म्हणून." ती हसायला गेली, जमलं नाही. "मॅडम, एक विचारू? मीच मारलं का त्याला?"

"तुला काय वाटतं?"

"मंगळवारी वाटत होतं, नाही. बुधवारी वाटलं, कदाचित. काल दिवसभर डोळ्यांपुढे त्याच चाळीस ओळी. आता मला काहीच सांगता येत नाही. मी ते शंभर वेळा चालवलं होतं. बटण सोडलं की थांबायचं, शंभरातून शंभर वेळा."

"कशावर चालवलंस?"

"माझ्या टेबलावर. सर्व्हरवरची फाइल घेऊन."

"लिंगराजूच्या नकलेवर नाही?"

"नाही. ते कशाला? तीच तर असते."

अंबुजाक्षींनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुझा डीबगर कुठला?" डीबगर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामध्ये लावायची डबी. तिच्यातून चालत्या चिपच्या आत बघता येतं.

"एस. पी. रोडवरून घेतलेला, बनावट माल. सहाच ब्रेकपॉइंट देतो." प्रोग्रॅम चालता चालता ज्या ओळीवर थांबवून आत डोकवायचं, तो ब्रेकपॉइंट. "सातवा लागला की पहिला काढायचा. कट्टी सरांकडे भारीचा आहे, जर्मनीहून मागवलेला, हवे तितके देतो. एकदा मागितला होता. म्हणाले, आधी डोकं वापर, अवजारं नंतर."

"कधीच दिला नाही?"

"बोटसुद्धा लावू दिलं नाही."

"आणि सर्व्हरवर कोणाकोणाला जाता येतं?"

"सर आणि मी. माझं मंगळवारी संध्याकाळी पाचला बंद केलं. गेटवर ओळखपत्रही घेतलं काढून." तिने खारा भात बाजूला सारला. "उद्या बारानंतर माझं नाव सगळीकडे जाईल ना, मॅडम?"

"खा आधी ते. थंड झालं तरी खा."

४

कट्टींच्या खोलीत एकच खिडकी होती, आणि तिच्याबाहेर भिंत. अंबुजाक्षींनी डीबगर बघायला मागितला तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली, खण उघडला, मखमली फडक्यात गुंडाळलेली डबी बाहेर काढली.

"याला कोणी हात लावत नाही हां, मॅडम. सहा वर्षं झाली, अजून नवा दिसतो. आजची पोरं केबल ओढतात, टाकतात, चालतात. अरे, अवजार आहे ते, गुळाची भेली आहे का?"

"स्फूर्तीने मागितला होता म्हणे."

"मागतील तर सगळेच. मी म्हटलं, माझ्या माघारी घे." ते हसले. मग हसू एकदम गेलं. "तिचा बदल मी स्वतः तपासला होता. ओळ न् ओळ. या डीबगरवर."

"काही सापडलं होतं?"

"तेव्हा नाही."

"म्हणजे तपासणीत तुमच्याकडूनही सुटलं."

कट्टींनी डबी फडक्यात परत गुंडाळली. "सुटतं, मॅडम. वीस वर्षांत एकदा सुटतं."

अंबुजाक्षी खाली गेल्या. लिंगराजूच्या टेबलावर त्यांनी मेमरी वाचायचं आपलं जुनं यंत्र सतरा नंबरच्या कार्डाला जोडलं. शेवटी नंबर होता: सतरा. त्यापुढे मोजणी: दोन लाख सोळा हजार तीनशे चार स्ट्रोक. जिथे आकडे असायला हवे होते तिथे ते होते.

मग त्यांनी थांबवण्याचा भाग काढला. तो दोन पानांत मावत होता. एका बाजूला सतरा नंबर, दुसऱ्या बाजूला कट्टींची छापील प्रत. कट्टींनीच लिहून दिलं होतं की ती सर्व्हरवरच्या फाइलशी तंतोतंत जुळते. बोटाने ओळ धरून त्या खाली सरकत गेल्या. पहिलं पान सारखं. दुसऱ्या पानावर अकराव्या ओळीत बोट थांबलं.

दोन बाइट वेगळे होते. फक्त दोनच.

ते दोन बाइट स्फूर्तीने लिहिलेले नव्हते. कोणताही माणूस ते लिहीत नाही.

"लिंगराजू," त्या म्हणाल्या, "या तुकडीतली अजून किती कार्डं बाहेर चालतायत?"

"अडतीस. का, मॅडम? मॅडम?"

त्या जिना चढत होत्या. साडेतीनच वाजले होते, पण चारपर्यंत थांबायला वेळ उरला नव्हता.

५

केबिनमध्ये चौघे होते. अंबुजाक्षींनी दार लावलं आणि बसल्या नाहीत.

"सही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "कट्टी, तुम्ही लिहिलंत, कार्ड शेवटच्या बाइटपर्यंत फाइलशी जुळतं. फार नीट लिहिलंत. पण सहा महिने चाललेलं कार्ड फाइलशी शेवटपर्यंत जुळत नसतं. त्यात त्याचा नंबर असतो, स्ट्रोक असतात. तुमच्या कागदावर ती जागा कोरी आहे. म्हणजे अपघातानंतर कार्ड पुसलं आणि प्रोग्रॅम नव्याने भरला."

"लाईनवर कोणी..." शेषाद्रींनी लिंगराजूकडे पाहिलं.

"लिंगराजूकडे बुधवारी सकाळपासून मास्टर नव्हतं. भरायला काहीच नव्हतं त्याच्याकडे. आणि त्याने मास्टरवरून भरलं असतं तर सतरा नंबरमध्ये सापडले ते दोन बाइट यातही आले असते. ते आलेले नाहीत. म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवरून आला. सर्व्हरवर दोघांनाच जाता येतं. स्फूर्तीला मंगळवारी पाच वाजताच बाहेर काढलंत. कार्ड आलं बुधवारी दुपारी."

कट्टी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"कसले दोन बाइट?" शेषाद्रींनी विचारलं.

"साध्या डीबगरला चिप सहा थांबे देते. भारी डीबगर त्यावर एक युक्ती करतो. जिथे थांबायचं तिथली मूळ आज्ञा उचलतो, तिच्या जागी 'थांब' ही आज्ञा चिपच्या पक्क्या मेमरीत लिहितो. काम संपवून नीट बंद केलं की मूळ आज्ञा परत ठेवतो. बंद न करता केबल काढली तर 'थांब' तिथेच राहते. मग त्या ओळीवर आलं की चिप उभी. 'चल' म्हणणारा डीबगर आता जोडलेला नाही. ठोकळा खाली आणणारी हवेची झडप उघडी असेल तर उघडीच राहते. कार्डातला राखणदार दीड सेकंदाने जागा होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून नंतर कार्ड धडधाकट दिसतं. ठोकळ्याला खाली यायला अर्धा सेकंद पुरतो."

"पण आम्ही प्रत्येक कार्डाची चाचणी घेतो," लिंगराजू म्हणाला.

"दोन्ही बटणं दाबून बघतोस, एक दाबून बघतोस. ठोकळा उतरत असताना मधेच हात काढून बघतोस?"

"टेबलावर ठोकळा कुठला आणू, मॅडम?"

"तेच. ती ओळ फक्त तेव्हाच चालते. हुलिगेप्पाने हात काढला तेव्हा."

लिंगराजूने स्टूल ओढून घेतलं. "आणि मी प्रत्येक नक्कल ताडून बघितली," तो म्हणाला. "चाळीस वेळा हिरवा दिवा."

कट्टी बोलले तेव्हा आवाज इतका साधा होता, की जेवणाची वेळ सांगतायत असं वाटावं.

"तिचंच काम तपासत होतो. तो थांबा तिच्याच ओळीवर घातला होता, नीट बघावं म्हणून. हा लिंगराजू दारात येऊन उभा राहिला. खाली हॉर्न. मी केबल काढली, कार्ड दिलं. आधी बंद करायचं, मग केबल काढायची. वीस वर्षं पोरांना हेच शिकवतोय."

"कळलं कधी?"

"मंगळवारीच. हात काढल्यावर प्रेस थांबली नाही असं ऐकलं आणि मला ती दुपार आठवली. बुधवारी सकाळी मास्टर मागवून बघितलं. होतंच ते."

"चूक फेब्रुवारीतली, कट्टी. ती कोणाचीही होते. मी बुधवारचं विचारतेय. अडतीस कार्डं प्रेसवर आहेत. त्यांचं काय ठरवलं होतंत?"

"सर्व्हिसला आली की एकेक बदलणार होतो."

"किती दिवसांत?"

"दिवाळीपर्यंत."

शेषाद्रींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "कार्डं आपण गुपचूप बदलू. पण कट्टी गेला तर कंपनी गेली. साठ घरं आहेत इथे. ती पोर तरुण आहे. दोन-चार वर्षं त्रास होईल, मग कुठेही नोकरी मिळेल. प्रोग्रॅममधला दोष, एवढंच लिहा. नाव आपोआप..."

"शेषाद्री, हुलिगेप्पा मेला तेव्हा चूक होती. यापुढे कोणी मेलं तर तुम्ही तिघेजण आधीपासून जाणता. चौथी मी." त्यांनी लिंगराजूकडे वळून पाहिलं. "फोन कुठाय तुझा? अडतीस ठिकाणी लाव. प्रेस बंद करा म्हणावं, आत्ता. आणि स्फूर्तीला बोलावून घे."

कट्टींनी खिशातून खणाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती कोणी उचलली नाही.

६

पाच वाजेपर्यंत सदतीस जागी फोन लागले. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी काही न विचारता बंद केलं. एकाने विचारलं, "त्या माणसासारखं का?" लिंगराजू हो म्हणाला, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

अडतिसावा कोणी उचलत नव्हतं. राजगोपालनगरातला छोटा कारखाना, कुकरच्या झाकणांचा. स्फूर्ती गेटवर पोचली तेव्हा अंबुजाक्षी रिक्षा धरून उभ्या होत्या.

"बस. जाता जाता सांगते."

त्यांनी सांगितलं. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, शब्द तुटत होते. स्फूर्तीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या ओळी बरोबर होत्या?"

"बरोबर होत्या. अहवालातून तुझं नाव गेलं."

ती रडेल असं अंबुजाक्षींना वाटलं होतं. ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "सर मला म्हणाले होते, तुझा बदल चांगला आहे. त्या दिवशीच."

गल्लीच्या तोंडापासूनच प्रेसचा आवाज ऐकू येत होता. चार सेकंदांनी एक ठोका. आत चार मशिनी होत्या. कोपऱ्यातल्या एकीवर एक बाई बसली होती, डोक्याला फडकं बांधलेली. दोन्ही हात बटणांवर, ठोकळा खाली, झाकण बाहेर, नवा पत्रा आत. फोन भिंतीवरच्या फळीवर वाजत होता. त्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्य नव्हतं.

बाईने पत्रा ठेवला. तो किंचित तिरका बसला. तिने बटणं दाबली, ठोकळा सुटला, आणि तिचा डावा खांदा हलला.

स्फूर्ती दारापासून पळाली ती मशीनकडे नाही, भिंतीकडे. तिने विजेचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

दिवे गेले, पंखे गेले, ठोके थांबले. अंधारात कुठेतरी हवा सुटल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला. बाईचा हात बटणावरच होता. खांदा तिने नुसता घाम टिपायला वर केला होता. ठोकळा वीतभर वर अडकून राहिला होता.

"कोण ग तू?" मालक मागच्या खोलीतून ओरडत आला. "कोणाला विचारून बंद केलंस? उद्या माल द्यायचाय मला!"

"तिच्या मशीनचं कार्ड बाद आहे," स्फूर्ती म्हणाली. धाप लागल्यामुळे तिला थांबावं लागलं. "मंगळवारी एक माणूस मेला, तसलंच आहे हे."

"तू कोण सांगणारी? इलेक्ट्रिकवाली? पोलीस?"

"नाही. कार्डातला थांबवायचा भाग मी लिहिलाय."

बाईने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती त्यांच्याकडे बघत बसली. मालकाने खिशातून पेन काढलं, तळहातावर टेकवलं.

"नाव काय तुझं? आत्ता तक्रार करतो."

अंबुजाक्षी दारातून पुढे झाल्या, पण स्फूर्तीने त्यांना बोलू दिलं नाही.

"स्फूर्ती गौडा," ती म्हणाली. "हेमगिरी कंट्रोल्स. लिहून घ्या."